अशोकमामांचा, म्हणजे अशोक सराफ यांचा, कुठला संवाद तुमच्या घरात अजून बोलला जातो?

शेवटची_रांग
आमच्या घरात पैसे बुडत नाहीत, वारतात. उसने दिलेले परत आले नाहीत, काढलेली तिकिटं वाया गेली, की आई 'सत्तर रुपये वारले' म्हणते आणि विषय तिथेच संपतो. रक्कम कितीही असो, आकडा सत्तरच. माझ्या भाचीने हे वाक्य आजीच्या तोंडून कित्येकदा ऐकलं होतं, 'अशी ही बनवाबनवी' तिने पाहिला तो परवा, पहिल्यांदा. घरमालक सरपोतदारांपुढे उभे राहून धनंजय माने झालेले मामा ते बोलले तशी ती ताडकन उठून बसली. "अगं, हे आजीचं वाक्य आहे!"

मग रात्री मी तेवढाच प्रसंग पुन्हा पाहिला. सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी सत्तर रुपये दिलेले. औषध आणणारा वारला, आणि त्याच्यासोबत पैसेही. विनोद एवढाच. पण 'वारले' हा शब्द आपण कुणासाठी ठेवलाय बघा. जवळच्या, आदराच्या माणसासाठी. जनावर मरतं, झाड वाळतं, माणूस वारतो. तो शब्द मामा नोटांना लावतात आणि लावताना चेहऱ्यावर दुखवट्याला आल्याचा भाव असतो. हसू नाही, डोळा मारणं नाही, 'बघा कसा विनोद केला' असं काहीच नाही. त्यांना खरोखर त्या सत्तर रुपयांचं वाईट वाटलंय. समोर सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींचा चेहरा पाहावा, या माणसावर रागवावं की याचं सांत्वन करावं तेच त्यांना कळत नाही.

तुमच्या घरात मामांचं कुठलं वाक्य असं मुरलंय? नुसतं वाक्य नको, ते मामा कसं बोलतात तेही लिहा.

मध्यंतर
विख्खी वुख्खू!

'धुमधडाका', १९८५. मैत्रीखातर खोटा श्रीमंत बाप होऊन आलेले यदुनाथ जवळकर. समोर शरद तळवलकरांचे धनाजी वाकडे. वाक्य म्हणावं तर त्यात शब्दच नाहीत, नुसता ठसका आहे. पाइप ओढताना लागलेल्या ठसक्यातून हे सुचलं असं मामांनीच सांगितलंय. पण त्या ठसक्याला ताल आहे. दर वेळी तो बरोबर तिथेच येतो, जिथे जवळकरांना पुढचं खोटं सुचत नसतं. म्हणजे ठसका हा विचार करायला मिळालेला वेळ आहे. हे मला पंधराव्यांदा बघताना लक्षात आलं.

केशर
मध्यंतर, किती खरं! आम्ही भावंडं लहानपणी उत्तर येत नसलं की खोकायचो. बाबा समजायचे.

वाटसरू
माझं एकच. "धनंजय माने इथेच राहतात का?" मामांचा याहून मोठा संवाद नाही. कुणाच्याही दारात उभं राहिलं की तोंडात हेच येतं.

नेपथ्य
वाटसरू, तो संवाद मामांचा नाही हो. लक्ष्याचा, लक्ष्मीकांत बेर्डेचा आहे. त्याचा परशा येतो आणि बाहेरून हाका मारतो.

वाटसरू
अरे देवा. खरंच की. मी आत्ता डोळ्यासमोर आणून बघितलं, आवाज लक्ष्याचाच आहे. इतकी वर्षं मी तो मामांच्या नावावर जमा केलेला.

नेपथ्य
तुमची चूक नाही, मी याच्यावर बराच विचार केलाय. त्या वाक्यात काय आहे? एका माणसाचा पत्ता विचारलाय. रोज हजार दारांत विचारतात. त्याला वजन कुठून आलं? आत जो माणूस आहे त्याच्या धांदलीतून. घरमालकाच्या नजरेआड चाललेलं सगळं आता उघडं पडणार, बाहेरचा गप्प बसत नाही, आणि त्याला गप्प कर म्हणून ओरडताही येत नाही. वाक्य लक्ष्याचं, घाम मामांचा. आपल्या लक्षात दोन्ही एकत्र राहिलं, आणि नाव तर धनंजय मान्यांचंच घेतलंय, म्हणून ते त्यांच्या खात्यावर गेलं.

दुसऱ्याच्या वाक्याला आपल्या चेहऱ्याने मोठं करणारा नट फार थोड्यांच्या नशिबी येतो. लक्ष्याच्या नशिबी तो आला. आणि मामांच्या नशिबी लक्ष्या.

केशर
हे वाचून घसा दाटला. १६ डिसेंबर २००४. लक्ष्या गेला तो दिवस. त्याच वर्षी मार्चमध्ये 'बनवाबनवी'तलाच सिद्धार्थ रे गेला होता, आणि पुढच्याच वर्षी सुधीर जोशी. त्या घरातली, त्या दारातली माणसं एकेक करत गेली. आता तो सिनेमा लागला की मी हसते आणि हसता हसता मोजते.

अबोली
मी मराठी न येणाऱ्या मोठ्या माणसांना मराठी शिकवते. लिंग हा त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. खुर्ची ती का, टेबल ते का, पंखा तो का, याला माझ्याकडे उत्तर नाही. पाठ करा म्हणते.

एक विद्यार्थी होता. व्याकरण उत्तम, पण बोलताना सगळं जग पुल्लिंगी. सहा महिने झाले. एक दिवस मी वर्गात, घर मिळावं म्हणून साडी नेसवलेल्या परशाची धनंजय माने घरमालकिणीला ओळख करून देतात तो तुकडा लावला. "हा माझा बायको पार्वती." बाकीचे कपड्यांवर, लक्ष्याच्या लाजण्यावर हसले. हा मात्र 'हा' ऐकताच हसला. बायको हा शब्द यायच्याही आधी! कारण समोर साडी होती आणि कानावर 'हा' आला होता. त्या दिवशी मला कळलं, याला लिंग कळलं.

या वाक्याची गंमत आपल्याला इतकी सवयीची झालीय की आपण तिच्याकडे बघतच नाही. तीन शब्दांत दोन चुका आहेत, 'हा' आणि 'माझा', आणि दोन्ही चुका म्हणजे खरं बोलणं आहे. साडी खोटी, केस खोटे, संसार खोटा. सगळं बेमालूम जमवलं, आणि जीभ मात्र खरं बोलून गेली. सोंग उघडं पडतं ते पदर घसरून नाही, व्याकरण घसरून. दुसऱ्या भाषेत हे नेऊन दाखवा! ज्या भाषेत 'हा' आणि 'ही' वेगळे नाहीत तिथे हा विनोद जन्मालाच येणार नाही.

आता मामांचं बोलणं ऐका. 'हा माझा' ते सहज, वेगात म्हणतात, ओळख करून देताना आपण जसं बोलतो तसं. अडखळणं नाही. अडखळले असते तर चूक मुद्दाम केलेली वाटली असती.

शेवटची_रांग
अबोली, मी हे आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

रिळ
अबोली यांचा प्रतिसाद उत्तमच, पण एक गोष्ट राहतेय आणि ती मला नेहमी खुपते. हे संवाद लिहिले कुणी? वसंत सबनीसांनी. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे सबनीस. लोकनाट्यातली हजरजबाबी बोली त्यांच्या लेखणीत मुरलेली होती. 'वारले' हा शब्द त्यांनी निवडला, 'हा माझा' ही चूकही त्यांनी कागदावर केली असणार. सचिनने दिग्दर्शन केलं, मामा-लक्ष्याने जीव ओतला, पण आपण संवाद आठवतो तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव कुणीच घेत नाही. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या चित्रपटाची. तो किती जणांच्या तोंडी आहे? कल्पना तीच होती, तिला मराठी जीभ सबनीसांनी दिली.

मध्यंतर
रिळ, मान्य. पण मग 'विख्खी वुख्खू'चं काय? ते कुठल्या कागदावर होतं?

रिळ
ते मामांचंच, त्याला माझी ना नाही. म्हणूनच मला वाटतं की मामांकडे दोन्ही आहे. कागदावरचं चोख वाक्य अक्षर न हलवता जसंच्या तसं पोचवणारा नट वेगळा असतो, आणि कागद कोरा असला की स्वतः भर घालणारा वेगळा. बहुतेक जण यातले एकच असतात. भर घालणारे चोख वाक्यातही भर घालतात आणि ते बिघडवतात. मामांना कुठे गप्प बसायचं ते कळतं.

नेपथ्य
ते कळायचं कारण रंगभूमी. मामा गोपीनाथ सावकारांचे भाचे. सुरुवात नाटकात, शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'मध्ये विदूषक. विदूषक म्हणजे काय काम असतं? राजा दुःखात असताना त्याच्या शेजारी उभं राहून लोकांना हसवायचं, पण राजाचं दुःख मोडायचं नाही. ही तालीम ज्याला विशीत मिळाली तो पुढे सुधीर जोशींच्या कपाळावरची आठी कशी मोडेल!

त्यात जवळपास दहा वर्षं बँकेत नोकरी. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी प्रयोग असा तो काळ. 'मी बहुरूपी' हे त्यांचं आत्मकथन २०२२ मध्ये आलं, मिळालं तर जरूर वाचा. मामांच्या सिनेमातला साधा, पगारावर जगणारा, चार ठिकाणी तोंड द्यावं लागणारा माणूस इतका खरा का वाटतो, त्याचं उत्तर मला त्या नोकरीच्या वर्षांत दिसतं. धनंजय माने हा काही विदूषक नाही. तो घर शोधणारा माणूस आहे. घर मिळत नाही म्हणून तो जे करतो त्याला आपण हसतो, पण त्याला हसू येत नाही, कारण त्याला रात्री झोपायला जागा हवीय.

वाटसरू
हे शेवटचं वाक्य. अगदी, अगदी.

टिपूर
मी शाळेत शिकवतो. माझ्या सगळ्यात जुन्या मित्राच्या फोनमध्ये माझं नाव 'मास्तुरे' असं आहे. 'एक डाव भुताचा', १९८२. दिलीप प्रभावळकर मास्तर, आणि मामा भूत. त्या भुताने मारलेली 'मास्तुरे' ही हाक! एकच शब्द, तोही मोडलेला. पण सिनेमात तो किती परींनी येतो ते मोजून पाहा. कधी लाडाने, कधी रुसून, कधी काम करून घ्यायला. भुताला जगात बोलायला तो एकच माणूस आहे, आणि ते सगळं त्या हाकेतल्या शेवटच्या 'रे'मध्ये ओढून येतं. मला लहानपणी त्या भुताची भीती कधीच वाटली नाही, त्याची काळजी वाटायची. मास्तर याला सोडून गेले तर याचं कसं होणार?

मित्र फोन करतो तेव्हा हाक तशीच मारतो. आमचं मोठं भांडण झालं होतं, आठ महिने बोललो नव्हतो. मग एक दिवस फोन वाजला आणि पलीकडून नुसतं "मास्तुरे". आम्ही दोघेही त्यापुढे त्या भांडणाबद्दल एक शब्द बोललो नाही.

केशर
टिपूर, हे फार सुंदर लिहिलंत तुम्ही.

गारवा
मराठी न जाणणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना मामा माहीत आहेत ते दोनच गोष्टींमुळे. 'हम पांच' या हिंदी मालिकेतले पाच मुलींचे बाप, आणि 'करण अर्जुन'मधला मुनीम. "ठाकुर तो गियो!" त्यांना मी दर वेळी सांगतो, अरे हे म्हणजे समुद्राचं ओंजळभर पाणी आहे.

अबोली
गारवा, पण त्या ओंजळीतही बघा. अख्खा सूडाचा सिनेमा चाललाय, रक्त, पुनर्जन्म, आईचा आक्रोश, आणि लोकांना एका मुनिमाचे तीन शब्द पाठ आहेत.

रातराणी
विनोदी भूमिकांवरच बोलणार आहात का सगळे? 'चौकट राजा' (१९९१) मधला गणा विसरलात? नंदूच्या भूमिकेत प्रभावळकर इतके अफाट आहेत की शेजारी उभा असलेला गणा कुणाच्या डोळ्यात भरत नाही. भरू नये असंच मामांनी ते केलंय. आणि 'कळत नकळत'मधलं 'नाकावरच्या रागाला औषध काय' हे गाणं तर त्यांनी स्वतःच्या आवाजात गायलंय. सुधीर मोघेंचे शब्द, आनंद मोडकांचं संगीत. तो गायकाचा आवाज नाही, रुसलेल्या मुलाची समजूत काढणाऱ्या घरातल्या माणसाचा आवाज आहे. कुणी तयारीचा गायक घेतला असता तर गाणं गोड झालं असतं, पण मूल हसलं नसतं.

माझा मुलगा ऐकू येण्याचं यंत्र लावतो. त्याला बहुतेक गाणी नुसता गलका वाटतात. हे गाणं त्याला शब्दन् शब्द कळतं. मामा बोलल्यासारखं गातात म्हणून.

मध्यंतर
रातराणी, हे मी विसरणार नाही. आज रात्रीच ऐकतो.

तिठा
माझे वडील एसटीत कंडक्टर होते. 'नवरा माझा नवसाचा' २००४ मध्ये आला तेव्हा ते निवृत्त झाले होते. सिनेमा बघायला बसवलं तर म्हणाले, आयुष्य गाडीत गेलं, आता परत गाडी काय बघायची. मामा कंडक्टर होऊन आले आणि बाबा पुढे सरकून बसले. आम्ही संवादांना हसत होतो, बाबा पाय बघत होते. चालत्या गाडीत कंडक्टर कसा उभा राहतो, हात मोकळे ठेवून तोल कसा सांभाळतो, तिकडे त्यांचं लक्ष. थोड्या वेळाने म्हणाले, "हा माणूस गाडीत उभा राहिलेला आहे." त्यांच्याकडून कुणालाही याहून मोठी पावती मिळालेली मी ऐकली नाही.

आणखी एक म्हणाले होते. कंडक्टरला दिवसभर शंभर माणसं शंभर प्रश्न विचारतात, त्याला रागवायचीही सोय नसते आणि हसायचीही. तो मधला जो चेहरा असतो तो या माणसाने बरोबर पकडलाय. बाबा आता नाहीत. सिनेमा लागला की मीही पायच बघतो.

शेवटची_रांग
तिठा, धागा काढला त्याचं चीज झालं.

रिळ
एक नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. रंजना. 'गोंधळात गोंधळ' (१९८१), 'बिन कामाचा नवरा' (१९८४). लक्ष्याबरोबरची जोडी सगळ्यांना आठवते, पण मामांसमोर तोडीस तोड बोलणारी नायिका होती ती रंजना. विनोदी सिनेमातली नायिका एरवी बाजूला उभी राहून हसते. रंजना हसत नसे, ती उलट उत्तर देई, आणि मामांना पुढचं वाक्य कमवावं लागे. १९८७ च्या अपघाताने तिचं पडद्यावरचं काम थांबवलं आणि २००० मध्ये ती गेलीच. ती काम करत राहिली असती तर मामांच्या नव्वदीतल्या सिनेमांचा रंग वेगळा असता असं मला राहून राहून वाटतं. ज्यांनी फक्त 'बनवाबनवी'चे तुकडे पाहिलेत त्यांनी 'बिन कामाचा नवरा' पूर्ण बघा, तुकडे नको.

वाटसरू
रिळ, हा सिनेमा मी पाहिलेला नाही. या आठवड्यात बघतो आणि इथे येऊन सांगतो.

अबोली
तुकड्यांवरून आठवलं. हल्ली तरुण मुलं मामांचे संवाद चित्रावर छापून एकमेकांना पाठवतात. काही जणांना ते आवडत नाही, मला आवडतं. माझ्या वर्गातल्या मुलांचा जन्म २००० नंतरचा. १९८८ च्या सिनेमातलं वाक्य ती आजच्या घरभाड्याच्या तक्रारीवर लावतात आणि ते चपखल बसतं. फक्त माझी एकच विनंती असते, एकदा आवाजात ऐका. छापलेलं 'वारले' आणि मामांचं 'वारले' यांत फार अंतर आहे.

गारवा
२०२४ मध्ये मामांना महाराष्ट्र भूषण दिला गेला आणि २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोन्ही वेळी आमच्या घरच्या गटावर अभिनंदनाच्या आधी पहिला संदेश कुठला आला असेल?

केशर
"धनंजय माने इथेच राहतात का?"

गारवा
तोच. काकांनी पाठवला. वय ८१.

वाटसरू
'बिन कामाचा नवरा' पाहिला. रिळ, तुम्ही म्हणालात ते सगळं खरं आहे. एका जागी रंजना बोलत असते आणि मामा नुसते ऐकत असतात, मी तो भाग तीनदा मागे नेला. ऐकतानाचा चेहरा बघायला. आता 'गोंधळात गोंधळ'.

शेवटची_रांग
सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिठांच्या बाबांपाशी ती थांबली, तिचे डोळे भरले. रंजनाचं नाव निघाल्यावर म्हणाली, "तिचं बोलणं ऐकायला आम्ही मैत्रिणी पुन्हा पुन्हा जायचो."

काल भाचीला 'एक डाव भुताचा' दाखवला. मध्ये एकदाही उठली नाही. संपल्यावर बराच वेळ गप्प होती. रात्री दिवा मालवल्यावर पलीकडच्या खोलीतून हळूच हाक आली, "मास्तुरे, पाणी."